किल्लीतली दोन अक्षरं

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला लॅबच्या टेबलावर रक्ताच्या दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि दोन्हींवर एकच नाव होतं.

ताईने आधी एक नळी उचलून बघितली, मग दुसरी. दोन्ही लेबलं नुकतीच प्रिंटरमधून निघालेली, अजून बोटाला कोमट लागत होती. आडनाव तेच, नाव तेच. फरक फक्त खालच्या बारीक नोंदणी क्रमांकात. ती बाहेरच्या बाकापाशी गेली. तिथे पन्नाशीचे भाऊ-बहीण कोपराच्या खळग्यात कापूस दाबून बसले होते. दोघांच्या नावांत तसा फरक होता, पण तो एका वेलांटीचा. बहिणीच्या नावाला शेवटी वेलांटी होती आणि लेबलावर नेमकी तीच आली नव्हती.

भावाचं रक्त बहिणीच्या नावावर गेलं तर काय होऊ शकतं, हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिने दोन्ही नळ्यांवर पेनाने पूर्ण नावं लिहिली, क्रमांक दोनदा ताडून पाहिले आणि प्रिंटर बंद केला.

या लॅबमध्ये तिला सतरा वर्षं झाली होती. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. लेबलांचा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. सहा वर्षांपूर्वी जुनं यंत्र मोडलं, नवं येण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा तिने एक पुस्तक आणून जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं होतं. म्हणजे प्रोग्रॅम तिचा, तशी चूकही तिचीच असणार. असं धरून ती दुपारपर्यंत आपल्याच ओळी पुन्हा पुन्हा तपासत राहिली. चूक सापडेना.

मग तिला आठवलं की गेल्या आठवड्यात लॅबचा कॉम्प्युटर बदलला होता आणि ज्या भाषेत तिने प्रोग्रॅम लिहिला होता, तिचं नवीन व्हर्जन त्याच्यासोबत आलं होतं. तिने एक साधा शब्द घेतला, किल्ली, आणि त्या भाषेला सांगितलं, याचं पहिलं अक्षर दे. उत्तर यायला हवं होतं 'कि'. आलं 'क'.

तुम्हाआम्हाला किल्लीत दोन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरच्या पोटात मात्र तिचे सहा तुकडे असतात. क वेगळा, त्याची वेलांटी वेगळी, मग एक ल, त्याचा पाय मोडणारी खूण, दुसरा ल आणि त्याची वेलांटी. जुनं व्हर्जन हे तुकडे जुळवून अक्षर मोजायचं. नवीन तुकडेच मोजत होतं. लेबलावर चौदा अक्षरांची जागा, आणि चौदा तुकडे भरले की ते बिनदिक्कत कात्री चालवायचं. लांब नावांची शेपटं अशी तुटत होती.

"मग नावं हाताने लिहा," लॅबचे डॉक्टर म्हणाले. "आणि ही भाषा ज्यांची आहे त्यांना फोन लावा."

"फोन असा नाहीये," ताई म्हणाली. "ती कुणा एकाची नाहीच."

ते खरंच होतं. ती भाषा कुठल्या कंपनीची नव्हती. निरनिराळ्या देशांतले लोक आपापले पोटापाण्याचे उद्योग सांभाळून, फावल्या वेळात ती घडवत होते आणि कुणालाही वापरू देत होते. आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून वाचावं. चूक दिसली तर सांगायला इंटरनेटवर एक फळा होता. सहा वर्षं ताई ती भाषा वापरत होती, पण त्या फळ्याकडे कधी फिरकली नव्हती. तिथे मोठी मोठी माणसं असणार आणि आपलं इंग्रजी जेमतेम, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

त्या दिवशी तिने डबा तसाच ठेवला आणि तक्रार लिहिली. स्वतःच्या नावाऐवजी टोपणनाव घ्यायची तिथे पद्धत होती. समोर नळ्या होत्या, तिने 'थेंब' असं लिहून टाकलं.

पाऊण तासात उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव होतं घुबड.

"कळवल्याबद्दल आभार," घुबडाने लिहिलं होतं. "लेबलं हाताने लिहिताय ना? आधी ते सांगा. मग शक्य तेवढा लहान प्रोग्रॅम पाठवा, ज्यात ही चूक दिसेल आणि दुसरं काहीही नसेल."

पहिलाच प्रश्न लेबलांचा. ताईने ते वाक्य दोनदा वाचलं. मग तिने किल्लीच्या तीन ओळी पाठवून दिल्या.

संध्याकाळी घरी जाऊन पाहते तर खाली तिसऱ्याच कुणाचा मजकूर. टोपणनाव चित्ता. "हा बदल माझा आहे," त्याने लिहिलं होतं. "भाषेचा वेग वाढवायच्या नादात दोन वर्षांपूर्वी केला. माझ्या लिपीत अक्षरांना खाली-वर काही लटकत नाही, त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी. तपासणाऱ्यांची नाही."

स्वयंपाकघराच्या टेबलाशी सासरे वर्तमानपत्र वाचत होते. नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे घरात बोलायला दोघंच. सासरे रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये छत्तीस वर्षं लिव्हर ओढून निवृत्त झालेले. ताईने त्यांना तो मजकूर वाचून दाखवला.

"लेखी दिलं?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"लेखी. सगळ्या जगासमोर."

"आणि साहेब काय म्हणाला?"

"बाबा, साहेब नाहीये तिथे."

"असं कसं होईल? तुला दिसत नसेल. मोठे साहेब नेहमी दिसत नाहीत."

ताईला वाटलं, आता चित्ता बदल मागे घेईल आणि चार दिवसांत लेबलं नीट होतील. पण घुबडाने समजावलं की गोष्ट तितकी सरळ नाही. दोन वर्षांत कितीतरी लोकांनी नवीन वागणुकीवर विसंबून आपले प्रोग्रॅम लिहिले असतील. आपण गुपचूप जुनं परत आणलं, तर उद्या त्यांच्या टेबलावर तुमच्यासारख्या दोन नळ्या उभ्या राहतील. तेव्हा रीतसर प्रस्ताव हवा. आणि तो तुम्ही लिहावा.

"मी रक्त तपासते," ताईने लिहिलं. "मी काही प्रोग्रॅमर नाही."

"म्हणूनच," घुबडाचं उत्तर आलं. "आणि इंग्रजीची चिंता करू नका. इथल्या निम्म्या लोकांचं ते उसनंच आहे."

प्रस्तावाचा एक ठरलेला नमुना होता. काय बिघडलंय, काय बदलायचं, कुठले पर्याय सोडून दिले आणि का. यातलं तिला जमलं. पण एका मथळ्यापाशी तिचं घोडं अडलं. 'या बदलाने कोणाचं नुकसान होईल?' त्याखाली लिहायला तिच्याकडे काही नव्हतं. आपण चूक दुरुस्त करतोय, त्यात कोणाचं नुकसान? म्हणून तिने जुने प्रस्ताव काढून वाचायला घेतले.

तिथे ती हरवली. चौदा वर्षांची बोलणी, एकही शब्द न पुसता ठेवलेली. एका स्वल्पविरामावर तीनशे पत्रं. त्या तीनशेत दोन माणसं आधी हमरीतुमरीवर आलेली, मग एकाने 'मी काल उद्धटपणे बोललो' असं लिहिलेलं, आणि शेवटी दोघांनी मिळून तो स्वल्पविराम जागेवर बसवलेला. आठ वर्षांपूर्वीच्या एका पानावर तर ती थांबलीच. कुणा सुतार नावाच्या माणसाने लिहिलं होतं, "माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. दीड महिना वाचता येणार नाही. माझ्याकडे अकरा कामं अर्धवट आहेत," आणि खाली अकरा कामांची यादी. त्याने कुणाला काही विनवलं नव्हतं. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक कामापुढे कुणी ना कुणी आपलं टोपणनाव लिहून ठेवलेलं. सर्वात शेवटी घुबड: "नऊ आणि दहा माझ्याकडे. डोळे सांभाळा."

ताईने दवाखान्यात कामाच्या पाळ्या बदलताना झालेले तंटे आयुष्यभर पाहिले होते. तिने ते पान सासऱ्यांना दाखवलं. म्हाताऱ्याने यादीवरून बोट फिरवत अकराच्या अकरा टोपणनावं वाचली. वाचून झाल्यावर ते खुर्चीत सावरून बसले.

नुकसानाचा तो मथळा शेवटी चाचणीने भरला. चाचणीसाठी एका विद्यापीठाने आपली यंत्रं देऊ केलेली. या भाषेत लोकांनी लिहून जगासमोर मांडलेले सत्तर हजार प्रोग्रॅम एकेक करून बदललेल्या भाषेवर चालवून बघायचे. शुक्रवारी सकाळी सुरू झालं ते रविवारी दुपारी संपलं. ताई कपड्यांच्या घड्या घालता घालता आकडा चढताना बघत होती. सत्तर हजारांपैकी तीनशे बारा मोडले.

तिला वाटलं, तीनशे म्हणजे काहीच नाही. घुबडाला तसं वाटलेलं दिसलं नाही. त्याने तीनशे बारांची यादी फळ्यावर लावली आणि लिहिलं, "या लोकांना कळवायला हवं." सोमवारी ताई जेवणाच्या सुट्टीत बघते तो यादीवर जवळपास सगळ्यांपुढे टोपणनावं आलेली, उरले होते फक्त शेवटचे आठ. चित्त्याने एकट्याने साठ घेतलेले. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या मालकांना पत्र लिहायचं: तुमचा प्रोग्रॅम अमुक ओळीपाशी अडेल, आणि ही घ्या दुरुस्ती, तयारच करून पाठवली आहे. आम्ही बदल करतोय, तेव्हा शोधाशोध तुम्हाला पडू नये.

उरलेले आठ ताईने घेतले. त्यात एक गायकवृंदाच्या गाण्यांच्या वह्या छापणारा प्रोग्रॅम होता. एक देवमासे मोजणारा. एक शब्दकोडी बनवणारा. कोडीवाल्याने उत्तर लिहिलं, "तुमचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, मी कुठलं बक्षीस जिंकलो म्हणून कुणीतरी गंडवतंय. माझा प्रोग्रॅम जगात दुसऱ्या कुणी उघडून पाहिलाय, यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास नाही." ताई लॅबमध्ये एकटीच खुदकन हसली.

सगळं जुळून आलं. शेवटी दहा दिवसांची मुदत लावली गेली. या दहा दिवसांत कुणीही हरकत घ्यावी. आली नाही तर बदल पक्का. नव्वदएक लोकांनी होकार दिला. ताईचं बोट पेनाने नावं लिहून लिहून बधिर झालं होतं. तिने कॅलेंडरवर दहाव्या दिवसाला गोल केला.

नवव्या दिवशी एक अनोळखी टोपणनाव उगवलं. दीपगृह.

"मला हरकत आहे," त्याने लिहिलं होतं. "उशीर झाल्याबद्दल माफ करा, मी समुद्रावर होतो."

एवढ्यावर सगळं थांबलं. नव्वद होकारांपुढे एक नकार, आणि तोही अशा माणसाचा ज्याला कुणी ओळखत नव्हतं. पण कुणी त्याला 'तू कोण' असंही विचारलं नाही. घुबडाने मुदतीचं घड्याळ बंद केलं आणि लिहिलं, "सविस्तर सांगा."

ताई घरी आली ती पाय आपटतच. तिने पिशवी टेबलावर टाकली.

"तीन महिने, बाबा. तीन महिने राबलो सगळे. आणि एक माणूस उठतो, म्हणतो हरकत आहे, की झालं सगळं ठप्प. ही काय पद्धत झाली?"

सासऱ्यांनी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

"माझ्या केबिनखाली खडी पसरायला बायका असायच्या," ते म्हणाले. "एकदा त्यातल्या एकीने डोक्याचा लाल रुमाल सोडला आणि हलवायला लागली. मेल गाडी यायची वेळ. मी लिव्हर ओढला, गाडी थांबवली. मोठे साहेब धावत आले. कुणाच्या हुकमाने थांबवलीस? मी म्हटलं, रुमालाच्या."

"मग?"

"पुढे रुळाला चीर होती. दोन बोटं जातील एवढी."

"आणि नसती तर?"

"तर गाडी वीस मिनिटं उशिरा गेली असती." त्यांनी आपला चहा बशीत ओतला. "लाल कपडा कोणीही दाखवला तरी थांबायचं असतं, पोरी. का दाखवला ते नंतर विचारायचं. जिथे हे पाळतात ना, तिथे साहेब नसला तरी चालतं."

ताईने चहा पिता पिता फळा पुन्हा उघडला. दीपगृहाचं सविस्तर पत्र आलं होतं. मासेमारीच्या होड्यांवर वादळाची सूचना दाखवणाऱ्या छोट्या पेट्या तो सांभाळत होता. हजारभर होड्या. पेटीत चाळीस तुकड्यांपुरतीच जागा. त्याचा प्रोग्रॅम या भाषेत होता आणि लांब सूचना चाळीस-चाळीसच्या भागांत कापून पाठवायचा. ताईच्या प्रस्तावाप्रमाणे तुकड्यांऐवजी अक्षरं मोजली तर चाळीस अक्षरांचे शंभर तुकडेही होऊ शकतील. पेटी जास्तीचे गाळून टाकील. हे होड्यांवरचे प्रोग्रॅम जगासमोर मांडलेले नसल्याने चाचणीत आलेच नव्हते. पत्राचं शेवटचं वाक्य होतं: "वारा किती जोराचा आहे ते आमच्या सूचनेत शेवटी येतं."

ताईने ते वाक्य पुन्हा वाचलं. आपल्या वेलांटीसाठी आपण कुणाचा वारा तोडायला निघालो होतो. आणि आतापर्यंत त्या बदलावर खूश असलेली नव्वद माणसं, चित्त्यासकट, त्या पत्राखाली एकामागून एक लिहीत होती: आभार. बरं झालं आलात. आता काय करता येईल बघू.

आठवडाभर वाट निघेना. दीपगृहाला तुकडे हवेत, ताईला अक्षरं हवीत, आणि कापण्याचा हुकूम एकच. ताई कामात होती तेव्हा तिला ते सुचलं. समोर दोन रिपोर्ट होते. तिने हातमोजे काढले आणि मिळेल त्या इंग्रजीत लिहून टाकलं.

"आमच्याकडे रक्त मिलिलिटरमध्येही मोजतात आणि पेशींच्या संख्येतही. दोन्ही मापं खरी. पण कुठलं माप आहे ते लिहिल्याशिवाय रिपोर्ट लॅबच्या बाहेर जात नाही. आपली भाषा मापच विचारत नाही. नुसतं चौदा म्हटलं की कापते. चौदा काय, ते तिने विचारायला हवं."

मग चित्त्याने लिहिलं, "दोन वर्षांपूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर." दीपगृहाने लिहिलं, "मला चालेल." आणि घुबडाने जुना प्रस्ताव मिटवून नवा कोरा कागद उघडून दिला.

नवा प्रस्ताव असा: यापुढे कापताना अक्षरं मोजायची की तुकडे, ते लिहावंच लागेल. वर्षभर भाषा नुसती आठवण करून देईल, त्यानंतर माप न सांगणाऱ्याचं ऐकणार नाही. मोडणाऱ्या प्रोग्रॅमांना वर्षाची सवड, होड्या सुरक्षित, वेलांट्या शाबूत. यावर कुणाचाच वाद नव्हता. वाद झाला तो 'अक्षर' या मापाला काय शब्द ठेवायचा यावर, आणि तो एकोणीस दिवस चालला. सासरे रोज विचारायचे, "झालं का बारसं?" एकोणिसाव्या दिवशी सगळ्यांनी पहिल्याच दिवशी कुणीतरी सुचवलेला सर्वात साधा शब्द घेतला.

मंजुरीच्या बैठकीला ताईला बोलावणं आलं. शनिवारी सकाळी, व्हिडिओवर. तिने केस विंचरले, साडी बदलली, मागची भिंत पुसून घेतली. तिच्या मनात एक चित्र होतं: काचेची इमारत, लांबलचक टेबल. प्रत्यक्षात अकरा चौकोनांत अकरा खोल्या उघडल्या. एकजण बसचा ड्रायव्हर, डेपोत उभ्या गाडीतून बोलत होता. बैठक चालवायची पाळी या महिन्यात त्याची. पाळी दर महिन्याला बदले. चित्ता निघाला दातांचा डॉक्टर, ऐसपैस देहाचा, आणि इतका सावकाश बोलणारा की त्याचं वाक्य संपेपर्यंत ड्रायव्हरने दोनदा घड्याळ बघितलं. दीपगृहाच्या मागे उलटी घातलेली होडी होती. आणि घुबड ही सत्तरीची बाई होती. पियानो जुळवायचा तिचा धंदा. मागच्या भिंतीवर हातोड्या आणि किल्ल्या ओळीने टांगलेल्या. चौदा वर्षं ती इतरांनी लिहिलेलं तपासत आली होती. तिच्या स्वतःच्या हातच्या ओळी त्या भाषेत दोनशेही नसतील, असं तिनेच हसत सांगितलं.

"कुणाची हरकत?" ड्रायव्हरने विचारलं.

कुणाचा तरी कुत्रा खाकरला. ड्रायव्हरने मनात दहा अंक मोजले असावेत, तेवढा वेळ तो खरोखर थांबला.

"मंजूर," तो म्हणाला. "मला चार मिनिटांत बस काढायचीये."

मग खरं काम सुरू झालं. चित्त्याने नवीन हुकूम लिहिला आणि घुबडाने त्यावर त्रेचाळीस शेरे मारले. चित्त्याने त्रेचाळीसही शेऱ्यांना उत्तरं दिली. ताईकडे पडताळणीच्या ओळी आल्या. तिने आपल्या लिपीतले शब्द दिले, किल्लीपासून सुरुवात करून. पण जगात लिप्या काय एकच आहेत? तिने फळ्यावर लिहिलं: "तुमच्या लिपीतला असा एक शब्द पाठवा, जो चुकीच्या जागी तोडला तर तुम्हाला लागतो."

तिला आठ-दहा शब्दांची अपेक्षा होती. दोन आठवड्यांत चौतीस लिप्यांतून शब्द आले. उजवीकडून डावीकडे धावणारे, एकावर एक मजले चढवलेले, एकमेकांचे हात न सोडणारे, खाली गाठी आणि वर टोप्या घातलेले. प्रत्येक शब्दासोबत पाठवणाऱ्याने अर्थ लिहिला होता. आई. दोर. परतीचा रस्ता. एकाने आपल्या गावाच्या विहिरीचं नाव पाठवलं होतं आणि कुठे तोडू नये ते बाणांनी दाखवलं होतं. एक लिपी वाचणारी शे-दीडशे माणसंच उरली होती, त्यांच्यातल्या एकीने लिहिलं, "आमचा शब्द घ्याल का?" घेतला.

ताई एकेक शब्द नीट बसवत गेली. तिला एकही वाचता येत नव्हता. रविवारी दुपारी सगळे बसवून झाल्यावर तिने पडताळणी लावली. एकेका ओळीपुढे बरोबरची खूण उमटू लागली. चौतीस लिप्या, चारशे सहा शब्द, एकही तुटला नाही. सासरे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते.

"ही सगळी माणसं एकमेकांना ओळखतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा."

ते कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले, आगगाडी दूर जाईपर्यंत तिच्या शेवटच्या डब्याकडे बघत राहावं तसे.

नवीन व्हर्जन महिनाभराने बाहेर पडलं. ताईने लॅबच्या कॉम्प्युटरवर ते चढवलं, आपल्या प्रोग्रॅममध्ये 'चौदा'च्या पुढे 'अक्षरं' असा शब्द घातला आणि त्या दिवसाच्या पहिल्या नळीचं लेबल छापलं. नाव लांबलचक होतं. चौदाव्या अक्षरावर कापलं गेलं आणि शेवटच्या अक्षराची मात्रा जागच्या जागी होती. डॉक्टरांनी लेबल उजेडात धरून पाहिलं, "छान," म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. ताईने पेनाला टोपण लावून ते खणात टाकलं. व्हर्जनसोबत त्याला ज्यांचा हात लागला त्यांची यादी आली होती. चारशे अठरा टोपणनावं, मोठं-लहान काही नाही, नुसती अक्षरवारीने. थेंब चित्ता आणि दीपगृह यांच्या मधे कुठेतरी होता.

थंडीत एक पत्र फळ्यावर आलं. लिहिणारी कुठल्याशा डोंगराळ भागातल्या शाळेची ग्रंथपाल. तिच्या लिपीत अक्षरं एकाखाली एक रचतात. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या नावांच्या पट्ट्या कॉम्प्युटर आजवर तळ छाटूनच छापायचा, आणि मुलं अर्ध्या अक्षरांवरून अंदाजाने पुस्तकं ओळखायची. "या आठवड्यात पहिल्यांदा पट्ट्या पूर्ण आल्या," तिने लिहिलं होतं. "हे कुणी केलं ते मला माहीत नाही. आभार कुणाचे मानायचे ते सांगाल का?"

पत्राखाली अजून कुणाचं उत्तर नव्हतं. ताईने लिहायला घेतलं: हे आम्ही. मग तिला चित्ता आठवला, त्याचे साठ प्रोग्रॅम आणि घुबडाचे त्रेचाळीस शेरे. दीपगृह आठवला, बस थांबवून दहा अंक मोजणारा ड्रायव्हर आठवला. त्या चारशे सहा शब्दांत या बाईच्या लिपीतलेही अकरा होते, ते कुणी पाठवले होते ते तिने शोधून काढलं. पाठवणारा भलत्याच खंडात राहणारा एक पाववाला होता. आणि कोडीवाला, आणि त्याची विश्वास न ठेवणारी बायको. नावं संपेनात. मागे नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजची घरघर कमी कमी होत थांबली.

तिने लिहिलेलं पुसलं आणि नव्याने लिहिलं: "तुमच्या पट्ट्यांचा एक फोटो पाठवाल? आम्हा सगळ्यांना बघायचाय."

मग ती हातमोजे चढवून नळ्या काढायला गेली.